गोगलगायी मरतात, शेवाळ मात्र परत येतं

एका वर्षात तीनदा हेच झालं. माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात काचेवर आणि खडकावर शेवाळ चढायचं, मी मुंबईहून सफाईची जनावरं, म्हणजे शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि खेकडे, मागवायची, काही दिवस टाकी आरशासारखी दिसायची, आणि मग शंख वाळूवर उताणे पडायला लागायचे. शेवटी बहुतेक जनावरं मेलेली आणि शेवाळ पहिल्यापेक्षा दाट. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या ज्यांच्याशी बोलले, त्यांतल्या बहुतेकांची रड हीच आहे. गंमत अशी की तिन्ही वेळा कारण वेगळं होतं आणि तिन्ही वेळा मी एकच उपाय केला: आणखी गोगलगायी. चौथ्या खेपेची जनावरं मात्र चौदा महिने झाले, जिवंत आहेत.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं. इथून समुद्र गाठायचा तर एक रात्र रेल्वेत काढावी लागते. आमचे हे काही वर्षं मुंबईत मत्स्यालयाच्या दुकानात कामाला होते. गावी परत येताना तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच अशी टाकी आणि क्लाउनफिशची एक जोडी घेऊन आले. मग हे लागले शेतीला आणि टाकी आली माझ्या गळ्यात. माप काढलं तर 190 लिटरच्या आसपास येतं, पण खडक आणि वाळू वजा जाता पाणी दीडशे लिटरच धरा. पुढचे सगळे आकडे त्या दीडशेवर आहेत.

पहिल्याच दिवशी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, समुद्री मिठाची बादली पाहून विचारलं होतं, "काहून वं बाई, खाऱ्या पान्यासाठी मीठ इकत आनून राह्यली? आपल्या हिरीचं पानी काय कमी खारं हाये?"

प्रश्न रास्त होता. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यात 400 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि 1300 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम. आपली विहीर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. वरून नायट्रेट आणि सिलिकेट, म्हणजे शेवाळाचं आयतं खत. लोणारचं पाणीही चालणार नाही, हे आधीच सांगते, कारण मला दोघांनी विचारलं आहे. त्याचा सामू 10 च्या आसपास, समुद्राचा 8.1 ते 8.3.

आधी तण ओळखा

बकरी हराळी खाते, गाजरगवताला तोंड लावत नाही. बांधावर दहा बकऱ्या सोडल्या तरी गाजरगवत तसंच राहतं, हे शेतात कोणाला सांगावं लागत नाही. टाकीत मात्र आपण 'शेवाळ खाणारी गोगलगाय' असं नाव वाचतो आणि पैसे पाठवतो. कोणतं शेवाळ, हे विचारतच नाही.

नव्या टाकीत पहिल्या दीड-दोन महिन्यांत वाळूवर आणि काचेवर जी तपकिरी भुकटी बसते, ती डायटमची. बोट फिरवलं की पिठासारखी उडते. ती सिलिकेटवर वाढते आणि सिलिकेट संपलं की आपोआप ओसरते. ट्रोकस, सेरिथ, नेराइट अशा सगळ्याच गोगलगायी ती आवडीने खातात. काचेवरचा हिरवा पातळ थर हाही त्यांचाच घास. इथपर्यंत शेवाळ खाणारी कोणतीही गोगलगाय कामाची.

खरी अडचण हिरव्या केसाळ शेवाळाची. ते बोटभर लांब झालं की लहान गोगलगाय त्याला हातच लावत नाही. तिला कोवळे कोंब लागतात. आधी हाताने उपटायचं, खडक जुन्या टूथब्रशने घासायचा, आणि मग जी खुंटं उरतात ती जनावरांवर सोडायची. टर्बो ही मोठी गोगलगाय आणि टक्सिडो अर्चिन हा काटेरी चेंडूसारखा प्राणी लांब केसही खातात, पण उपटण्याला पर्याय नाही. ब्रायोप्सिस दिसायला तसंच असतं, जवळून पाहिलं तर पिसासारखं किंवा नेच्यासारखं. त्याला जवळपास कोणीच खात नाही. केसाळ समजून मी त्याच्यावर पैसे घातलेत.

हिरव्या काचेच्या गोट्यांसारखे फुगे दिसले तर ते व्हॅलोनिया. एमराल्ड खेकडा तो खातो असं म्हणतात. काही खातात, काही आयुष्यभर बघत बसतात. माझा बघणाऱ्यांतला निघाला.

मरून किंवा लालसर साय, जी ओढली की चादरीसारखी निघते आणि खाली बुडबुडे धरून बसते, ते शेवाळच नाही. तो सायनोबॅक्टेरिया, जिवाणू. कोणतीही गोगलगाय तो मनापासून खात नाही. पाइपने ओढून काढा, तिथला पाण्याचा प्रवाह वाढवा, खाणं कमी करा. रंग बघून शेवाळ म्हणण्याची सवय आपल्याला आहेच. 2020 च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं तेव्हा आधी सगळे शेवाळावरच गेले होते, मागून ते हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले.

आणि एक प्रकार असा की जो गोगलगायींनाच मारतो. डायनोफ्लॅजेलेट: तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकाला बुडबुडे, दिवसा जास्त आणि रात्री कमी. यातल्या काही जाती विषारी असतात. गोगलगाय खाते आणि सुस्त पडते. ओळखायची युक्ती सोपी आहे. थोडा शेंबूड बाटलीत घ्या, खूप हलवा, पातळ कपड्यातून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात पुन्हा गुठळ्या जमल्या तर डायनो. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे सूक्ष्मदर्शक हाताशी होता. डायटम काचेच्या होडीसारखे दिसतात, जागेवर पडून किंवा हळूच सरकणारे. डायनो वळवळतात, काही तर एकाच जागी खुंटीला बांधल्यासारखे गरगरतात. मुलांना दाखवलं, तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही. डायनो बहुतेक वेळा नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर गेलं की येतात. म्हणजे अति स्वच्छतेचा रोग. अशा टाकीत जनावर सोडणं म्हणजे पैसे देऊन मारणं.

खडकावर गुलाबी-जांभळा कडक थर दिसला तर तो खरवडू नका. ते कोरलाइन शेवाळ, ते हवंच असतं.

पहिली खेप भुकेने गेली

ही नोव्हेंबरातली गोष्ट. विकणाऱ्याने 'पूर्ण सफाई पथक' म्हणून पन्नास जनावरं दिली. गणित परदेशी: एका गॅलनला एक जनावर. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, म्हणून 190 लिटरला पन्नास. यातली वीस हर्मिट खेकडे. आता खेकडा शेवाळ खातो हे खरं, पण त्याला अंगाबरोबर घरही मोठं लागतं आणि रिकामं घर नसेल तर तो घरमालकालाच खाऊन ताबा घेतो. सकाळी उठून पाहावं तर कालच्या गोगलगायीच्या शंखातून लाल पाय बाहेर आलेले. रिकामे शंख टाकून ठेवले तर हे कमी होतं, थांबत नाही.

पण खेकड्यांनी मारल्या त्या आठ-दहा. बाकीच्या उपाशी मेल्या. दीडशे लिटरच्या टाकीत दिसणारं शेवाळ पन्नास तोंडांनी दोन आठवड्यांत संपवलं, पुढे काय खाणार? गोगलगाय चार दिवसांत मरत नाही. ती आधी मंदावते, मग काचेवरून पडते, मग उताणी राहते. वाळूत मेलेली दिसत नाही, तिथेच कुजते, अमोनिया सुटतो, त्याचं नायट्रेट होतं, आणि जे शेवाळ तिने खाल्लं होतं ते तिच्याच अंगावर पुन्हा उगवतं. हे मला फार उशिरा उमगलं. गोगलगाय टाकीतून काहीच बाहेर नेत नाही. ती शेवाळ खाते आणि लेंडी तिथेच टाकते. बाहेर जातं ते फक्त पाणी बदलताना, स्किमरच्या (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या) कपातून, किंवा आपण हाताने उपटलेलं.

शंख उताणा दिसला तर आधी सरळ करा. अ‍ॅस्ट्रिया जातीच्या गोगलगायीला स्वतःहून पालथं होता येत नाही, ती तशीच मरते, ट्रोकस होतो. तरी हलत नसेल तर बाहेर काढून वास घ्या. मेलेल्या गोगलगायीचा वास एकदा घेतला की आयुष्यभर पुन्हा विचारावं लागत नाही.

दुसरी खेप उन्हाने आणि माझ्या हाताने

मार्चमध्ये केसाळ शेवाळ वाढलं म्हणून सहा मोठे मेक्सिकन टर्बो आणले. महागाचे, पण नांगर चालावा तसे चालत होते. एप्रिल संपेपर्यंत दोन गेले. टर्बोची ही जात मूळ मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्याची, तिला थोडं थंड पाणी मानवतं, आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे खोलीत 42 अंश झाले की टाकी सहज 31 च्या वर जाते. टाकीला हवे असतात 25 ते 27. कोमट पाण्यात प्राणवायूही कमी मावतो.

उरलेले चार मी मारले. मे महिन्यात लग्नाला सहा दिवस बाहेरगावी होते. पाण्यावर पंखा लावून गेले होते आणि पंख्याने काम चोख केलं: इथल्या कोरड्या हवेत पाणी तीन अंशांनी उतरतं. पण ते उतरतं वाफ होऊन. दिवसाला तीन लिटर याप्रमाणे सहा दिवसांत 18 लिटर पाणी उडालं आणि मीठ सगळं खाली राहिलं. लिटरमागे 35 ग्रॅम होतं ते 40 च्या जवळ. विशिष्ट गुरुत्व 1.026 वरून 1.030. टर्बो शंखात दडी मारून बसलेले. मी घाबरले आणि एकदम 18 लिटर गोडं पाणी ओतलं. सावकाश वाढलेला खारटपणा त्यांनी कसाबसा सोसला होता, पण तासाभरात उतरलेला सोसला नाही. माशाला अंगातलं मीठ सांभाळता येतं. गोगलगायीला येत नाही, बाहेर जसं पाणी तसं आत.

आता वरून टाकीत भर घालायची ती रोज सकाळी, काचेवरच्या खुणेपर्यंत, आणि ती नेहमी गोड्या पाण्याचीच, मिठाच्या पाण्याची नाही. गावाला जायचं असेल तर शेजारच्या काकूंकडे मोजून भरलेल्या बाटल्या ठेवते, एका दिवसाला दोन. खारटपणा मोजायला काट्याचं हायड्रोमीटर वापरत असाल तर त्याच्या काट्याला बुडबुडा चिकटून तो खोटं बोलतो. रीफ्रॅक्टोमीटर घ्या, ज्यात पाण्याचा थेंब टाकून उजेडात खारटपणा वाचता येतो, आणि तोही 35 च्या द्रावणाने तपासून.

उन्हाळ्यासाठी आणखी थोडं. टाकीच्या खोलीत कूलर लावू नका. कूलर हवा ओली करतो आणि ओल्या हवेत पाण्यावरच्या पंख्याचं काही चालत नाही. कूलर माणसांच्या खोलीत, पंखा टाकीच्या. आमची टाकी मी जुन्या धाब्याच्या खोलीत हलवली, जाड मातीच्या भिंतींचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. दिवे संध्याकाळी सात ते रात्री दोन. दिवसा दिव्याची उष्णता नको, आणि लाइन जायची वेळही बहुतेक दुपारचीच असते. नवतप्यात बाटलीत बर्फ करून तरंगत ठेवते, एका वेळी एकच. लाइन गेली तर बॅटरीवरचा एअर पंप.

तिसरी खेप: मासे ठणठणीत, बाकी सगळे मेले

पोळ्यानंतर आठ ट्रोकस, दोन क्लीनर झिंगे आले. या वेळी संख्या बेतात, खारटपणा नेमका, उन्हाळाही संपलेला. पाचव्या दिवशी पाणी बदललं आणि दुसऱ्या सकाळी आठही ट्रोकस खाली, झिंगे आडवे. क्लाउनफिश मात्र खाण्यासाठी काचेवर येऊन नाचत होते.

इथे थोडं थांबते, कारण कोण मेलं यावरून कशाने मेलं हे बरंचसं कळतं. आठवड्यांत एकेक करून गेले तर भूक. पाणी भरल्यावर काही तासांत सगळे दडून बसले तर खारटपणा. मासेच आधी वर तोंड काढून धापा टाकायला लागले तर प्राणवायू किंवा उष्णता. झिंगे, खेकडे, गोगलगायी एका रात्रीत गेले आणि माशांना काहीच झालं नाही, तर पहिला संशय तांब्यावर घ्यायचा.

तांबं माशाच्या अंगावरच्या परजीवींवर औषध म्हणून वापरतात, म्हणून मासा तगतो. गोगलगायीला आणि झिंग्याला त्याचा कणही पुरतो. आमच्या घरी ते आलं कुठून? रंगाच्या त्या पांढऱ्या 20 लिटरच्या बादल्या प्रत्येक घरी असतात ना, तशा आमच्याकडे चार. त्यातल्या एकीत ह्यांनी कपाशीच्या करप्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड कालवलं होतं. धुऊन ठेवली होती, चांगली तीनदा. मी तिच्यात रात्रभर मिठाचं पाणी घोळत ठेवलं.

त्या दिवसापासून टाकीच्या दोन बादल्यांना लाल रंगाचे पट्टे आहेत आणि त्या धान्याच्या कोठीमागे राहतात. तांब्याचा हंडा, गडवा, मोरचूद, जुनी पितळी तोटी, यातलं काहीही टाकीच्या पाण्याला लागू द्यायचं नाही. संत्र्याचा पट्टा असेल तर बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुना) बादलीही त्यातच आली. कीटकनाशकाचं वेगळं. ते किड्यासाठी बनवलेलं, आणि झिंगा-खेकडा हे किड्याचे चुलत भाऊ. फवारणी करून आलेला हात, सदरा टाकीपासून लांब. शेजारच्या शेतात फवारणीचा पंप चालू असेल तेव्हा खिडकी लावून घ्या, कारण एअर पंप बाहेरची हवाच ओढत असतो.

तांबं एकदा खडकात मुरलं की हळूहळू सुटत राहतं. मी तीस लिटर पाणी चार वेळा बदललं, कार्बन आणि तांबं शोषणारी पिशवी लावली, आणि जानेवारीपर्यंत काहीही आणलं नाही. मग दोनच ट्रोकस आणून पंधरा दिवस वाट पाहिली. ते चालत राहिले तेव्हा बाकीचे मागवले.

पण शेवाळ का येत होतं?

जनावरं मेली याची कारणं मिळाली. पण तीनदा शेवाळ फोफावलं याला कोणीतरी खत घालत असणार. ते दोन ठिकाणांहून येत होतं.

एक पाणी. मी गावातल्या प्लांटवरून आरओचे जार आणायचे. पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवतात. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या टीडीएस मीटरवर कधी 60, कधी 90. टाकीला शून्य लागतं. म्हणून जारच्या पाण्याला डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची, नळी जोडली. शून्य आलं, डायटम गेले, आणि पाच महिन्यांनी परत आले. मीटर अजून 1 दाखवत होता! रेझिन थकलं की ते सगळ्यात आधी सिलिकेट सोडतं, आणि सिलिकेट मीटरला नीट दिसतच नाही. मीटरवर भरवसा ठेवून बसले होते. आता मीटर शून्यावरून हलला की रेझिन बदलते, आणि त्याआधीच वाळूवर तपकिरी दिसली तरीही.

दुसरं खत घरातलं होतं. दोन लहान मासे, दिवसातून दोनदा चिमूटभर दाणे, तरी नायट्रेट लिटरमागे 40 मिलिग्रॅम. हवं 5 ते 10, फॉस्फेट 0.03 ते 0.1. कितीतरी दिवस मला सुधरेना. मग एका रविवारी दुपारी पडल्या पडल्या पाहिलं, मामाजी खोलीतून जाताना थांबले, डबी उघडली, चिमूट टाकली, माशांशी दोन शब्द बोलले आणि गेले. अर्ध्या तासाने परत. मी विचारलं तर म्हणाले, "मुकं जनावर हाये बाई, काचेवर तोंड आपटून राह्यलं. आपन जेवाचं अन् त्यानं पाहाचं?"

यावर काय बोलणार? गोळ्यांची सात दिवसांची डबी मिळते ना, तिच्यात मी आठवड्याचे दाणे भरून ठेवते आणि खायला घालण्याचं काम पूर्णपणे त्यांच्याकडे दिलं आहे. मोठी डबी कपाटात. सहा आठवड्यांत नायट्रेट 12 वर आलं. एवढा फरक कोणत्याही गोगलगायीने पाडला नव्हता.

आता काय ठेवलं आहे, आणि काय ठेवणार नाही

दीडशे लिटरला माझ्याकडे पाच ट्रोकस, सहा सेरिथ, चार नॅसेरियस आणि एक टक्सिडो अर्चिन. पंधरा गोगलगायी आणि एक काटेरी, बस. ट्रोकस काच आणि खडक सांभाळतात, पडले तर सरळ होतात, उष्ण पाण्याचे असल्याने आपला उन्हाळा त्यातल्या त्यात सोसतात. सेरिथ रात्री निघतात आणि वाळूच्या वरच्या थरात तोंड घालतात. नॅसेरियस शेवाळ खातच नाही, हे मुद्दाम सांगते, कारण शेवाळासाठी म्हणून तो सर्रास विकला जातो. तो उरलेलं खाणं आणि मेलेलं खातो. एरवी वाळूत पुरलेला. दाणे पडले की पहिल्या पावसात गांडुळं वर यावीत तसे चारही वर येतात. वाळू मोकळी राहते, म्हणून ठेवले. अर्चिन केसाळ शेवाळावर सगळ्यांत भारी. गुलाबी कोरलाइनही थोडं खातो आणि डोक्यावर शिंपल्याचे तुकडे घेऊन नवरदेवासारखा मिरवतो. सैल खडक पाडतो, तेवढं बघा. शेवाळ कमी पडलं तर त्याला वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा, ज्याला नोरी म्हणतात, दगडाखाली दाबून देते.

नेराइट काचेसाठी चांगले, पण भरती-ओहोटीच्या रेषेवरचे, त्यामुळे टाकीबाहेर चढतात. एक मला जात्यामागे सापडला, वाळून खारकेसारखा झालेला. झाकण असेल तरच. लॉनमोवर ब्लेनी हा मासा पाहायला मजेदार, शेवाळ संपलं की हळूहळू खंगतो. माझ्या टाकीत एकच मावला असता, मी नाही घेतला. सर्जनफिश दोन इंचांचा विकतात आणि त्याला पुढे निदान चार-सहा फुटी टाकी लागते, तेव्हा तीन फुटीत त्याचा विचारच नको. सी हेअर हा गोगलगायीचाच नातलग केसाळ शेवाळ आठवड्यात फस्त करतो आणि नंतर उपाशी मरतो. आसपास चार टाक्या असतील आणि तो फिरवता येत असेल तर ठीक. आमच्या आसपास एकही नाही. वाळू चाळणारा तारामासाही लहान टाकीत काही महिन्यांत उपाशी जातो.

परदेशी याद्यांमध्ये समुद्री काकडी हमखास असते. ती घेऊ नका. आपल्याकडे 2001 पासून सगळ्या समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. कठीण प्रवाळही त्याच वर्षी आले. मोठा ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस हे शंखही संरक्षित आहेत, म्हणून 'ट्रोकस' म्हणून काय देताय, कोणती जात, कुठून आली हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. सांगायला टाळाटाळ केली तर मी तिथून घेत नाही.

पार्सल आल्यावर

मागवायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने डबा बडनेऱ्याला येतो, तिथून मोटरसायकल. थर्माकोलचा डबा असला तरी मे महिन्यात रस्त्यावरचा तासभर पुरेसा असतो. घेण्याआधी विकणाऱ्याला व्हिडिओ मागा: गोगलगाय काचेला चिकटलेली हवी, आणि बोट लावलं की शंखाच्या तोंडाची झाकणी आत ओढणारी. तळाशी पडलेली फुकट दिली तरी नको.

घरी आल्यावर पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा आधी मोजा. दुकानात तो बहुतेक वेळा कमी ठेवलेला असतो. माझ्या शेवटच्या पार्सलमध्ये 1.021 निघाला, टाकीत 1.026. जनावरं पिशवीतल्या पाण्यासकट स्वच्छ भांड्यात काढायची. मेडिकलमधून सलाइनचा नवा सेट आणायचा, त्याचं एक टोक टाकीत, दुसरं भांड्यात, आणि सेकंदाला दोन-तीन थेंब. फरक एवढा असेल तर दीड ते दोन तास लावा. थंडीत भांड्यातलं पाणी गार होतं, तेव्हा भांडं टाकीला टेकवून ठेवा. भांड्यातलं पाणी टाकीत ओतायचं नाही, जनावरं हाताने उचलून खडकावर ठेवायची, उताणी नाहीत ना ते पाहून. दिवे त्या रात्री बंद.

दुसऱ्या दिवशी दोन-तीन जागच्या हलल्या नसतील तर लगेच घाबरू नका, सेरिथ तर कधी कधी दोन दिवस झोपल्यासारखे पडून असतात. वास घ्या. वास नसेल तर राहू द्या.